नायकाचं नाव कुणी ठेवायचं?

राजवाड्यात राजा अस्वस्थपणे येरझाऱ्या घालतोय. पलीकडे राणी बाळंत होतेय. बाळाच्या रडण्याचा आवाज येतो आणि राजा धावतच आत शिरतो. मुलगा झालाय. राजाने नावही ठरवून ठेवलेलं आहे : ‘तोन्नुरा’. कसं वाटतं, असं तो मोठ्या हौसेने विचारतो. राणी म्हणते, नाव छान आहे, पण मीही एक योजून ठेवलंय. मग ती जे नाव सांगते, ते दोन मिनिटांपूर्वी आपणच टाइप केलेलं असतं. राजाला ते फारसं भारदस्त वाटत नाही आणि तसं तो बोलूनही दाखवतो. पण तुला आवडलंय ना, मग तेच ठेवू, असं म्हणून तो बाळाला उचलून घेतो.

‘ड्रॅगन क्वेस्ट 5’ या जपानी गेमची ही सुरुवात. सुपर फॅमिकॉम या यंत्रावर हा गेम 1992 साली आला. नायकाचं नाव खेळणाऱ्याकडून मागून घेणारे गेम त्याआधीही होते आणि त्यानंतर तर शेकड्यांनी आले, पण त्या नावाचं असं साग्रसंगीत बारसं क्वचितच कुणी केलं असेल. एरवी पडद्यावर एक रिकामी चौकट येते, कर्सर लुकलुकतो, आपण काहीतरी टाइप करतो आणि गोष्ट पुढे सरकते. इथे आपण दिलेलं नाव आईच्या तोंडी येतं, बाप त्यावर नाक मुरडतो आणि शेवटी मान्य करतो. काही तासांच्या खेळानंतर हाच बाप मुलाच्या डोळ्यांदेखत मारला जातो. मरताना तो मुलाला हाक मारतो, तुझी आई अजून जिवंत असणार असं सांगतो, आणि ती हाक त्याच नावाची असते. पुढे नायक मोठा होतो, लग्न करतो, त्याला जुळं होतं. त्या दोन मुलांची नावंही आपणच ठेवायची. सुरुवातीला नाव मिळालेला मुलगा शेवटाकडे नाव ठेवणारा बाप होतो.

गोष्ट सांगणाऱ्या आणि वाटेत निर्णय घ्यायला लावणाऱ्या गेम्समध्ये नायकाचं नाव खेळणाऱ्याला बदलू द्यावं का, हा वाद फार जुना आहे. एका बाजूचे म्हणतात, निर्णय माझे आहेत तर माणूसही माझाच हवा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, लेखकाने घडवलेल्या माणसाला वाटेल ते नाव चिकटवलं की त्याचा चेहराच पुसला जातो. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघेही त्या चौकटीपाशीच थांबतात. चौकट ठेवणं सोपं आहे. दिलेल्या नावाचं पुढे गोष्टीत काय होतं, ते कोण उच्चारतं, कशासाठी उच्चारतं, हे बघायला हवं. नाव मागायचं असेल, तर ते मनापासून घेणारं कुणीतरी गोष्टीत असायला हवं.

या प्रथेची मुळं समजून घ्यायची तर ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पहिल्या भागापाशी जावं लागतं. साल 1986. जपानी आवृत्तीत नावाला फक्त चार अक्षरांची जागा होती. खेळ साठवून ठेवायची सोय त्या कार्ट्रिजमध्ये नव्हती. खेळ थांबवताना पडद्यावर वीस अक्षरांचा एक ‘मंत्र’ यायचा, तो मुलांनी वहीत उतरवून घ्यायचा आणि पुन्हा खेळताना जसाच्या तसा भरायचा. त्या वीस अक्षरांत नायकाचा अनुभव, त्याची नाणी, त्याची शस्त्रं आणि त्याचं नाव, सगळं कोंबलेलं असायचं. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. तिथे जागा इतकी मोलाची होती, तरी नावाला ती दिली गेली, यातच काय ते आलं.

दुसरी गंमत अशी की त्या गेममध्ये नाव केवळ लेबल नव्हतं. नावातल्या अक्षरांवरून नायकाची ताकद, चपळाई किती असणार आणि कशी वाढत जाणार, हे आतल्या आत ठरत असे. जन्माच्या वेळेवरून अक्षर आणि अक्षरावरून नाव काढणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना परकी वाटायला नको. फक्त इथे ते गणित खरोखरच चालायचं.

पण नाव खेळणाऱ्याच्या हाती दिलं की कथालेखकापुढे एक पेच उभा राहतो. पहिल्या भागातला नायक हा ‘लोतो’ नावाच्या जुन्या वीराचा वंशज. 1988 साली तिसरा भाग आला, त्यात काळ मागचा होता, म्हणजे तो मूळ वीर आता आपणच. आता प्रत्येक घरात त्या वीराचं नाव वेगळं असणार, मग दंतकथेतलं एकच नाव कुठून आणायचं? लेखकांनी काढलेला तोडगा मला आजही फार आवडतो. खेळ संपताना राजा नायकाला ‘लोतो’ ही पदवी देतो. म्हणजे ते नाव नव्हतंच, तो किताब होता. इतिहासात किताब राहिला आणि मूळ नाव फक्त खेळणाऱ्याला ठाऊक राहिलं.

हाच पेच नंतर एकदा कोर्टातही पोहोचला. ‘ड्रॅगन क्वेस्ट 5’वर कादंबरी निघाली तेव्हा नायकाला नाव देणं भागच होतं आणि लेखिकेने त्याला ‘र्‍युका’ असं नाव दिलं. 2019 मध्ये या गेमवर चित्रपट आला आणि त्यातल्या नायकाचं नावही ‘र्‍युका’च होतं. आपण घडवलेलं नाव न विचारता वापरलं, अशी तक्रार घेऊन लेखिका न्यायालयात गेली. ज्या नायकाला नावच नव्हतं, त्याच्या नावावर हक्क कुणाचा, असा हा प्रश्न.

स्वतःचं नाव पडद्यावर दिसलं की माणूस सावरून का बसतो, यामागे नुसती हौस नाही. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांनी 1959 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसाच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवायचे आणि एका कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहायला सांगायचं. दुसऱ्या कानात काय चाललंय, याचा अशा वेळी बहुतेकांना पत्ता लागत नाही. पण त्या दुर्लक्षित कानात त्यांचं स्वतःचं नाव आलं, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. लग्नाच्या हॉलमधल्या गोंगाटात कुणीतरी लांबून आपलं नाव घेतलं तरी मान वळते, तसंच हे. गेमचे लेखक ही मान वळवून घेऊ पाहतात.

तरी प्रत्येक जण स्वतःचंच नाव टाकतो असं समजू नये. काही जण टाकतात. काहींना ते अवघड वाटतं, आपल्या नावाचा माणूस चोरी करताना किंवा खोटं बोलताना पाहवत नाही. काही जण एक नवा माणूसच घडवतात, त्याला साजेसं नाव शोधतात आणि प्रत्येक निर्णयापाशी ‘मी काय करीन’ असं न विचारता ‘हा काय करील’ असं विचारतात. मेलेल्या भावाचं, दुरावलेल्या मैत्रिणीचं, लाडक्या कुत्र्याचं नावही लोक देतात. लेखकाला यातलं काहीच आधी कळत नाही. त्यामुळे ती चौकट म्हणजे अनोळखी माणसाने विश्वासाने हाती सोपवलेली वस्तू आहे, असं समजून ती जपावी लागते.

ती जपणारा एक गेम म्हणजे ‘मदर 2’, जपानबाहेर ‘अर्थबाउंड’ म्हणून ओळखला जाणारा. 1994 साली आलेला हा गेम शिगेसातो इतोई यांनी लिहिला. ते मूळचे जाहिरातींचे शब्द लिहिणारे आणि निबंधकार. सुरुवातीलाच चार मुलांची नावं, कुत्र्याचं नाव आणि आवडता पदार्थ विचारला जातो. पुढे घरी गेलं की आई तोच पदार्थ करून वाढते. मध्येच कुठेतरी गेम थेट खेळणाऱ्याचं खरं नावही विचारून घेतो. आपण ते देतो आणि विसरून जातो. शेवटच्या लढाईत कुठलंच शस्त्र चालत नाही. पॉला नावाची मुलगी प्रार्थना करत राहते. ती प्रार्थना वाटेत भेटलेल्या एकेका माणसापर्यंत पोहोचते आणि सगळे संपल्यावर शेवटी पडद्यावर येतं ते खेळणाऱ्याचं नाव. त्या मुलांसाठी आता हा एकच माणूस प्रार्थना करू शकतो. किती तरी तास आधी मागून ठेवलेलं नाव इतोई यांनी नेमक्या क्षणी परत केलं.

पडद्यावरच्या अक्षरांत हे सगळं सहज जमत होतं. पात्रं बोलू लागली आणि पंचाईत झाली.

‘फायनल फँटसी’ ही मालिका 2001 साली दहाव्या भागात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने बोलकी झाली. नायकाचं ठरलेलं नाव टायडस, पण जुन्या प्रथेप्रमाणे ते बदलायची मुभा ठेवलेली. अभिनेत्याने तर एकच नाव उच्चारून ठेवलेलं असणार. मग काय करायचं? नावच घ्यायचं नाही. डझनावारी तास चालणाऱ्या त्या कथेत नायकाच्या प्रेमात पडलेली युना त्याला एकदाही नावाने हाक मारत नाही. जिवावरच्या प्रसंगातही नाही. आपल्याकडच्या आज्या नवऱ्याचं नाव न घेता ‘अहो’ आणि ‘इकडून’ यांवर सगळा संसार निभावून न्यायच्या, तसं हे. पण तिथे न घेतलेल्या नावामागे एक रीत होती आणि उखाण्यात का होईना, नाव घ्यायची एक हक्काची जागाही होती. इथे नुसतीच पोकळी राहिली. परिणाम असा की नायकाच्या नावाचा उच्चार ‘टायडस’ की ‘टीडस’, यावर इंग्रजीत खेळणारे नंतर वर्षानुवर्षं वाद घालत राहिले.

ही पोकळी भरायचे वेगवेगळे मार्ग लोकांनी काढले. ‘मास इफेक्ट’ने 2007 साली पहिलं नाव खेळणाऱ्याला देऊन टाकलं आणि आडनाव स्वतःकडे ठेवलं : शेपर्ड. हे आडनाव अंतराळात गेलेले पहिले अमेरिकन अॅलन शेपर्ड यांच्यावरून घेतलेलं. कथा लष्करी जहाजावरची, त्यामुळे सगळ्यांनी आडनावाने किंवा ‘कमांडर’ म्हणून हाक मारणं अगदी स्वाभाविक. तोडगा कथेच्या जगातूनच आल्यामुळे तो तोडगा आहे हे कुणाला जाणवतच नाही. आपल्या पोलीस ठाण्यात, शाळेत, तहसील कचेरीतही माणसं अशीच बोलतात : ‘पाटील साहेब’, ‘देशमुख मॅडम’, ‘मास्तर’. मराठीत असा गेम लिहिणाऱ्याला हा मार्ग आयताच मिळालेला आहे. ‘फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस’मध्ये (2019) नायक शिक्षक आहे, म्हणून सगळे विद्यार्थी त्याला ‘प्रोफेसर’ म्हणतात. तेही असंच बेमालूम.

‘फॉलआउट 4’ने 2015 मध्ये उलट बाजूने हात घातला. त्यात कॉड्सवर्थ नावाचा एक घरगडी यंत्रमानव आहे. अणुयुद्धात सगळं बेचिराख झाल्यावर दोनशे वर्षांनी आपण घरी परततो, तेव्हा हाच तिथे अजून झाडांना आकार देत बसलेला असतो. या एका पात्रासाठी अभिनेत्याकडून नऊशेंहून जास्त नावं उच्चारून घेतली गेली. आपण दिलेलं नाव त्या यादीत निघालं, तर तो आपल्याला खरोखरच नावाने हाक मारतो. बाकी कुणी मारत नाही. मला ही योजना हुशारीची वाटते, कारण खर्च एकाच पात्रावर केला आणि ते पात्र अचूक निवडलं. उद्ध्वस्त जगात आपल्याला जुन्या नावाने ओळखणारा तो जवळजवळ एकटाच उरलेला आहे. जपानमध्ये याच्या पुष्कळ आधी, 1999 साली, ‘तोकिमेकी मेमोरियल 2’ने संगणकाकडून नाव जुळवून बोलायचा प्रयत्न केला होता. शाळेतल्या मुली नायकाशी मूळ आवाजात बोलत आणि नाव आलं की तेवढा तुकडा यंत्र जोडून देत असे. इतका खटाटोप करून लोकांना एक हाक ऐकायची होती.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. नाव बदलू न देण्यातही मोठी ताकद आहे आणि ती मी कमी लेखत नाही. ‘द वॉकिंग डेड’ (2012) हा निर्णयांवर चालणारा गेम. त्याची सुरुवात पोलिसांच्या गाडीत होते. मागच्या सीटवर बेड्या घातलेला ली एव्हरेट बसलाय. इतिहासाचा प्राध्यापक, खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला. पुढे मेलेले उठतात, जग कोसळतं, आणि लीला क्लेमंटाइन नावाची आठ वर्षांची मुलगी भेटते. आपण कोण होतो, हे कुणाला किती सांगायचं, असे निर्णय वारंवार समोर येतात. त्याचं नाव बातम्यांत आलेलं आहे, ओळखणारे ते ओळखतात. तिथे नावाला भूतकाळ चिकटलेला आहे. ते बदलायला दिलं असतं तर गोष्टीचा कणाच मोडला असता. ‘विचर’ या गेममालिकेतल्या गेराल्टचंही तेच. आंजेय सापकोव्हस्की यांच्या पोलिश कथांतून आलेला तो माणूस आहे, त्याच्यासाठी आपण निर्णय घेतो, तो होत नाही.

‘डिस्को एलिसियम’ (2019) तर नावालाच कोडं करतो. नायक दारूच्या अंमलातून उठतो तो स्वतःचं नाव विसरूनच. तो पोलीस आहे, समोर एका खुनाचा तपास आहे आणि आपण कोण हा दुसरा तपास त्याच्याच जोडीने चालतो. वाटेत तो स्वतःसाठी एक भपकेबाज खोटं नाव धारण करू शकतो. नाव बदलायची हौस इथे खेळणाऱ्याची राहत नाही, ती त्या मोडलेल्या माणसाची होते.

पण या प्रश्नावर सगळ्यांत खोल विचार केलाय तो टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने (2015). ज्यांना हा गेम अजून खेळायचाय, त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. सुरुवातीला सूचना येते : खाली पडलेल्या माणसाचं नाव ठेवा. सहा अक्षरांची जागा. आपण समजतो की हे आपलं नाव, कारण लगेच पुढच्या दृश्यात एक मूल खड्ड्यातून खाली आलेलं दिसतं आणि ते आपल्या तालावर चालू लागतं. गेममधल्या पात्रांची नावं टाकून पाहिली तर तो टोकतो. त्यांपैकी तोरिएलचं नाव टाकलं, तर स्वतःचं नाव शोध बाळा, अशा अर्थाचं मायेचं उत्तर येतं. सगळं हसतखेळत चाललेलं असतं. शेवटाला, सगळ्यांना वाचवत आलेल्या माणसालाच, कळतं की आपण दिलेलं नाव या मुलाचं नव्हतंच. ते फार पूर्वी पडलेल्या आणि मरून गेलेल्या दुसऱ्या मुलाचं होतं. आपण इतके तास ज्याचं बोट धरून चाललो त्याचं नाव फ्रिस्क, आणि ते आपण कधी विचारलंच नाही. नाव देण्याने कुणी आपलं होतं, ही आपली समजूत तो गेम एका वाक्यात काढून घेतो. त्यानंतरच्या ‘डेल्टारून’मध्ये (2018) फॉक्स आणखी कठोर होतात : सुरुवातीला आपल्याकडून बारकाईने एक माणूस घडवून घेतात, त्याला नाव द्यायला लावतात आणि तो सगळाच्या सगळा टाकून देतात. मग जो नायक मिळतो त्याचं नाव आधीच ठरलेलं, क्रिस.

फॉक्स यांनी हे केलं ते चौकटीविरुद्ध नव्हे. ती चौकट त्यांनी इतकी गंभीरपणे घेतली की तिलाच कथानक केलं.

मला मात्र सर्वांत जास्त काळजी आहे ती शब्दांत लिहिलेल्या गेम्सची, कारण आपल्याकडची तरुण मंडळी सुरुवात करतील ती तिथूनच. त्याला मोठा पैसा लागत नाही. ट्वाइन, रेनपाय ही साधनं फुकट मिळतात. रेनपायमध्ये नाव विचारायला एक ओळ पुरते. पुढे संवादात चौकोनी कंसात खूण केली की तिथे खेळणाऱ्याने दिलेलं नाव उमटतं. ‘चॉइसस्क्रिप्ट’ या साधनात तर नावाचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करायचीही खूण आहे. देवनागरीला कॅपिटल नाही, त्यामुळे तेवढं एक काम आपलं वाचलं. बाकी सगळं वाढलं.

जपानी भाषेत नावामागे प्रत्यय लागतो तेव्हा नाव जसंच्या तसं राहतं आणि क्रियापदाला लिंग नसतं. कुठलंही नाव टाका, वाक्य मोडत नाही. नाव विचारायची प्रथा तिथे इतकी रुजली त्याला भाषेचाही हातभार लागला असणार, असं मला वाटतं. इंग्रजीत ‘ही’, ‘शी’ एवढं सांभाळलं की बरंचसं भागतं. मराठीत नाव बदललं की अख्खं वाक्य अंग बदलतं.

एक साधं वाक्य घ्या : ‘किरण जिन्यापाशी थांबला. त्याला वाटलं, आता परत फिरावं.’ किरण मुलगा की मुलगी? नावावरून कळत नाही. मुलगी असेल तर ‘थांबली’, ‘तिला’. कुणी हाक मारायची तर ‘अरे किरण’ की ‘अगं किरण’? थेट बोलायचं तर ‘दमलास का’ की ‘दमलीस का’? स्वतःच्या मनात बोलला तरी ‘मी जातो’ की ‘मी जाते’? म्हणजे नाव विचारून भागत नाही. आता चौकटीत कुणी ‘दादासाहेब’ टाइप केलं तर? ‘दादासाहेब जिन्यापाशी थांबला’ हे वाक्य मराठी कानाला थोबाडीत मारल्यासारखं लागतं. ‘थांबले’ हवं, ‘त्यांना’ हवं आणि प्रत्ययही ‘दादासाहेबांनी’. आपल्या नावांतच मान दडलेला असतो. सामान्यरूपाचा घोळ वेगळाच : गंगा नदी असली की ‘गंगेला’, शेजारची गंगा असली की ‘गंगाला’. राम देव असला तर ‘रामाने’, वर्गातला असला तर बहुधा ‘रामने’. यंत्राला हे आपोआप कळत नाही.

पण याच भाषेत सुटकेच्या वाटाही आहेत, आणि त्या शोधताना मराठीचा नव्याने अभिमान वाटतो. भूतकाळात ‘ने’ लागला की आपलं क्रियापद कर्त्याकडे पाठ फिरवून कर्माकडे पाहतं. ‘किरणने दार उघडलं’, ‘किरणने दिवा लावला’, ‘किरणने खिडकी लावली’ : इथे किरण कोण आहे याच्याशी क्रियापदाला देणंघेणं नाही. ‘तू काय ठरवलंस?’ हे मुलालाही चालतं, मुलीलाही. भविष्यकाळात ‘तू येशील’, ‘तू सांगशील’ दोघांना सारखंच. ‘मला वाटतं’, ‘मला जायचंय’ हेही तसंच. आणि ‘तुम्ही’ म्हटलं की ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही दमलात’, सगळे एका पंक्तीत. विशेषणं निवडताना ‘शहाणा’, ‘वेडी’ टाळून ‘हुशार’, ‘धाडसी’, ‘प्रामाणिक’ घ्यायची. मघाचं वाक्य मग असं होईल : ‘किरणने जिन्यापाशी पाऊल थांबवलं. मन सांगत होतं, परत फिर.’ मूळ वाक्यापेक्षा ते मला सरस वाटतं.

अर्थात, पानोपानी अशी कसरत केली तर भाषा ताठरते. म्हणून नावाच्या चौकटीशेजारी आणखी एक प्रश्न सरळ विचारून घ्यावा : लोक या माणसाला ‘तो’ म्हणतात, ‘ती’ म्हणतात, की मानाने बोलतात? त्या उत्तरावर क्रियापदांची रूपं बेतायची आणि अडचण पडेल तिथेच वरच्या वाटा घ्यायच्या. काम वाढतं, पण कथा मराठी राहते.

आणि चौकटीची लांबी. ‘लक्ष्मी’ हे नाव आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचं. संगणक मात्र ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हं मोजतो. ‘अंडरटेल’सारखी सहाची मर्यादा इथे घातली तर लक्ष्मीची ‘लक्ष्म’ होते. ‘ज्ञानेश्वर’ चार अक्षरी, पण चिन्हं दहा. सहावर तोडलं की उरतं ‘ज्ञाने’. ज्याने विश्वासाने आपलं नाव दिलं, त्याला पहिल्याच पडद्यावर ते तोडून परत देणं याहून वाईट स्वागत नाही.

मराठीत असा गेम लिहायला बसलेल्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या नायकाला स्वतःचा भूतकाळ असेल, तर त्याचं नाव निःसंकोच तुम्हीच ठेवा. नाव मागणार असाल, तर कथेत ते घेणारी आई, शिक्षक, शेजारीण, कुणीतरी आधी लिहा आणि मग चौकट उघडा. खेळ लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्या चौकटीत ‘लक्ष्मी’ टाकून बघा, मग ‘ज्ञानेश्वर’, मग ‘किरण’, ‘रझिया’, ‘दादासाहेब’. आणि प्रत्येक वेळी पहिली दहा वाक्यं मोठ्याने वाचा.